सातव्या क्रमांकाचं पुस्तक

माधवीताईंच्या दारावर 'साहित्य एजन्सी' अशी पाटी आहे, आणि निम्मं दहिवली गाव तिला विम्याची एजन्सी समजते. हप्ता भरायला आलेल्या माणसाला ताई आधी पाणी देतात, मग समजावतात, की इथे लोकांनी लिहिलेली पुस्तकं वाचतात आणि ती छापणारा प्रकाशक शोधून देतात. माणूस मान डोलावतो आणि विचारतो, "मग हप्ता कुठे भरायचा?" तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेल्या बाईंनी निवृत्तीनंतर हा उद्योग का मांडला, हे मी कधी विचारलं नाही; विचारलं तर दोन तास जातील. मी त्यांची मुद्रितं तपासते, छाया माझं नाव. विचारलं तर दोन तास जातील.

वर्षातून दोनदा ताई नव्या पुस्तकांची यादी काढून पुण्या-मुंबईच्या सव्वीस प्रकाशकांना पाठवतात. या खेपेला अकरा पुस्तकं होती. भातखाचरातल्या सापांवरचं एक, एका डॉक्टरांच्या आठवणी, रानभाज्या, मुलांसाठी अंतराळातलं साहस, आणि एका निवृत्त स्टेशनमास्तरांची रहस्यकादंबरी, जिच्यात खुनीच 'मी, मी' करत सगळं सांगतो. सातव्या क्रमांकावर होती लोधिवलीच्या द्वारकाची वही, जिची झेरॉक्स काढून ताईंनी ती तिला परत दिली होती. द्वारकाच्या नावापुढे ताईंनी लिहिलं होतं: 'आत्मकथन. मरणाऱ्या आईचा अंगठा कोऱ्या कागदावर उठवून सख्ख्या भावाची जमीन लाटणारा नवरा, आणि ते पाहणारी बायको. लोधिवलीच्या एका शेतकरी गृहिणीची खरी हकिकत.' ते मीच तपासलं. एक स्वल्पविराम काढला आणि स्वतःवर खूश झाले.

तिसऱ्या दिवशी पुण्याच्या एका प्रकाशकांचा फोन आला. "सात नंबर आम्हाला द्या. खरं आहे ना सगळं? मग परवा करार पाठवतो." ताई आनंदाने हो म्हणाल्या. त्यांनी तिथल्या तिथे द्वारकाला फोन लावला.

"खरी?" द्वारका म्हणाली. "कोन बोल्लं खरी?"

"अगं, वही देताना तूच म्हणालीस ना, माझी गोष्ट आहे म्हणून?"

"माझीच हाय. मी रचली, म्हून माझी. आमच्या ह्यांनी कुटं कुनाचा अंगठा घेतला?"

ताईंनी फोन ठेवला आणि यादी पुन्हा उघडली. द्वारकाचा नवरा धाकलू सकाळी शेतावर चक्कर मारून कुंभिवलीच्या गोदामात नोकरीला जाणारा सरळ माणूस. त्याचा भाऊ गजा भिंतीला भिंत लागून राहतो. दोघांची आई दोन वर्षांपूर्वीच गेलेली. आणि यादीत गावाचं नाव, बाईचं नाव, सगळं ठळक अक्षरांत. त्यात एका प्रकाशकाने ती यादी कौतुकाने वाचकांच्या ग्रुपवर टाकलेली. ताईंनी त्याला फोन करून ती काढायला लावली, पण तोवर एकशे चाळीस जणांनी पाहिली होती.

"एकशे चाळीसात लोधिवलीचं कुणीतरी असणारच गं," ताई म्हणत राहिल्या. "गजाने वाचलं तर? दोन घरं तुटतील, माझ्या एका शब्दापायी."

माझ्या स्कूटीवरून आम्ही लोधिवलीला निघालो. वाटेत ताईंनी मला तीनदा थांबायला लावलं, दरवेळी फोन बघायला. पुण्याला काय कळवायचं हेही ठरत नव्हतं. द्वारकाच्या अंगणात धाकलूची मोटरसायकल उभी दिसली. तो या वेळी कामावर असायला हवा होता. ताईंनी माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला.

द्वारकाने नवऱ्याला कामावरून बोलावून सगळं सांगून टाकलेलं होतं, ताईंनी फोननंतर पाठवलेली यादीही दाखवली होती. तो ओटीवर गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. ताई माफी मागायला लागल्या, तर द्वारकाच उसळली.

"त्या ठेसनमास्तरला इचारलंत का ताई, खून तुमीच केलात का म्हून? त्याची कादंबरी, आनि माझी हकिकत? मला रचता येत नाय?"

ताईंचं तोंड एवढंसं झालं. ती ओळ मीही तपासली होती, आणि मलाही खटकली नव्हती. एवढ्यात पुण्याहून मेसेज आला. ताईंनी तो सगळ्यांना वाचून दाखवला. 'खरी असल्याचं एका ओळीत कळवा. कादंबरी असेल तर नको, नव्या लेखिकेची कादंबरी चालत नाही.'

मग धाकलू म्हणाला, "कळवा त्यांना. खरं हाय. मी घेतला आयेचा अंगठा."

"अरे, आणि गजा?" ताई म्हणाल्या.

"गजाला मी सांगन. शिव्या घालंल, वरीसभर बोलनार नाय. पर चार वर्सं लिवलंय हिनं, बाई. मी बगितलंय. छापू दे तिचं."

"तुमी गप ऱ्हावा!" द्वारका ओरडली, आणि तिला रडूच फुटलं. "वहीतल्या त्या मानसाला येवढा वाईट करायला मला चार वर्सं लागली. तो तुमी नाय. ताई, लिवा. रचलेली हाय."

ताईंनी 'कादंबरी आहे' एवढंच लिहून पाठवलं. पाच मिनिटांत उत्तर आलं, 'मग राहू द्या.' द्वारका पदराने डोळे पुसत आत गेली. मला इतकं वाईट वाटलं की मी उगाच चपला घालायला लागले.

धाकलूने मला हाताने थांबवलं आणि आत बघून हाक मारली, "अगं ए, ती वही आन."

"कशाला आता?"

"मी तरी कुटं वाचलीय? कसा हाय तो मानूस, बगू दे."

यादीतल्या दोन ओळींपलीकडे त्याला त्या माणसाचं काहीच ठाऊक नव्हतं. द्वारका वही घेऊन दारात आली, पण पुढे येईना.

"लई वाईट हाय तो," ती म्हणाली.

"वाच," धाकलू म्हणाला, आणि तिला बसायला जागा करून दिली.