दोघांले विचारू दे

"थांब, दोघांले विचारू दे."

कुडव्यातल्या आमच्या गल्लीत काकींना काहीही विचारा, आधी हे वाक्य यायचं. मग मुठीच्या उलट्या बाजूने कपाळावर टकटक, मग छातीवर टकटक, आणि मग उत्तर. शेजारीण नवी साडी दाखवायला आली तरी हेच. कपाळावर ठोकून, "रंग जाते हिचा." छातीवर ठोकून, "तुले शोभून राहिली पन." हसायचं की रुसायचं, ते शेजारणीने ठरवायचं. तुमच्याही गल्लीत अशी तोंडावर बोलणारी माणसं असतील. पण तोंडावर दोन्ही बाजू सांगणारी?

मी फरशी बसवणारा. आठवीनंतर शाळा सुटली आणि जत तालुक्यातनं ठेकेदाराबरोबर थेट गोंदियाला आलो. फरशी नीट बसली का, हे आम्हीही ठोकूनच बघतो. खाली सिमेंटचा मसाला कमी असला की पोकळ आवाज येतो. काकींना पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं, ही बाई आपल्याच धंद्यातली दिसते!

त्यांच्याकडे भाड्याची खोली मागायला गेलो होतो. कपाळावर ठोकून म्हणाल्या, "परका मानूस. कसा निंगते, काय माहीत." छातीवर ठोकून म्हणाल्या, "भुकेला दिसून राहिला." मी भीतभीत विचारलं, मग खरं काय धरायचं?

"दोन्ही खरं आहे ना बाबू. बस, भात खाय."

मला पोटभर वाढलं, खोली दिली, आणि माझ्यादेखत कपाटाला कुलूप लावलं. इतकं मायेचं जेवण आणि इतकं उघड कुलूप एका खोलीत मी त्याआधी पाहिलं नव्हतं. पुढे ते कुलूप कधी निघालं, तेही आठवत नाही.

मी काळजी करत बसणारा माणूस. गावाकडून आईचा फोन आला नाही की काकींना जाऊन विचारायचो, काय झालं असेल? दुसरं कोणी म्हणालं असतं, असेल सगळं ठीक. काकी म्हणायच्या, "मले काऊन विचारून राहिला? फोन लाव." आणि माझं बोलणं होईपर्यंत समोर बसून राहायच्या, स्वतःचा चहा गार होऊ देत.

आता जे सांगणार आहे ते सांगताना अजून माझी जीभ पळायला लागते. सौंदडला एका घराची फरशी केली. काम संपलं तसं त्या घरच्या मुलीने न्हाणीत बादलीभर पाणी ओतलं आणि हाताची घडी घालून उभी राहिली. पाणी मोरीकडे जायचं सोडून दाराकडे आलं. ढाळ चुकला होता. मी सगळी न्हाणी उखडली आणि पुन्हा बसवली. मग तिच्याशी फोनवर बोलणं सुरू झालं, वाढत गेलं, आणि शेवटी तिच्या वडिलांचा निरोप आला, घरचं मोठं माणूस घेऊन ये.

वडील नाहीत, आईचे गुडघे एवढा प्रवास सोसत नाहीत. माझं मोठं माणूस या जिल्ह्यात एकच.

काकींना गाडीवर मागे बसवून निघालो. वाटभर विनवत होतो, काकी, तिथं ठोकाठोकी नको, चांगलं तेवढंच सांगा. मागून एकच उत्तर, "समोर पाहून चालव."

चहा झाला. माझं आडनाव त्या घरात कोणी ऐकलेलं नव्हतं. तिच्या वडिलांनी मला काहीच विचारलं नाही. काकींकडे वळून म्हणाले, "बाई, तुमी सांगा. पोरगा कसा आहे?"

काकींचा हात वर गेला.

"हे म्हनते, देऊ नोका," कपाळावर मूठ ठेवून त्या म्हणाल्या. "आठवी शिकला. गाव दूर, आपल्यापैकी कोनी पाहिलं नाही. अन् भितरा आहे. फोन वाजला का याचं तोंड उतरते." मग मूठ छातीवर आली. "हे म्हनते, द्या. मी तापात पडली तं यानं भात शिजवला. कच्चा शिजवला, पन शिजवला."

"मंग आमी खरं काय समजाचं?"

"दोघांचं जमून नाही राहिलं, एवढंच खरं. जमलं म्हनून सांगितलं तं मी खोटी. अन् मले कायले विचारता? जिले नांदाचं आहे तिले विचारा."

आतल्या दारातून ती बाहेर आली. वडिलांकडे बघून म्हणाली, "भितरा आहे, हे मले माहीत आहे. पन ढाळ चुकला तं पळून नाही गेला. माह्या दोघांचं जमलं आहे, बाबा."

ती गाडी मी परत कशी चालवली, देवाला ठाऊक! आनंद मावत नव्हता, रागही होता. म्हटलं, काकी, जरा खोटं बोलला असतात तर काय बिघडलं असतं?

"मंग तू जनमभर ते खोटं सांभाळत बसला असता."

लग्नाला आई आली. काकींनी तिला हात धरून मांडवात बसवलं.

आता काकींच्या दाराला कुलूप आहे. वय झालं म्हणून लेकीने रायपूरला नेलं. गोंदिया स्टेशनवर मी आणि बायको पोहोचवायला गेलो होतो. सुटायची वेळ झाली तेव्हा मी खिडकीशी जाऊन विचारलं, काकी, माझ्याबद्दल आता तरी जमलं का दोघांचं?

गाडी हलली. काकींनी मांडीवरची पिशवी लेकीकडे दिली. एरवी एकच मूठ आधी वर, मग खाली जायची. त्या दिवशी दोन्ही हात उठले, एक कपाळावर, एक छातीवर. डबा दिसेनासा होईपर्यंत त्या दोन्हीकडे एकदमच ठोकत होत्या.