दुसऱ्या टाकीतले कार्प

सुईताईचा हात हलका. बावीस वर्षं तिने इस्पितळात माणसांचं रक्त काढलं. इतरांना न सापडणारी शीर तिच्या बोटाला बरोबर लागायची. पुढे इस्पितळाने रक्ततपासणीचं काम बाहेर दिलं आणि ती पंचेचाळिसाव्या वर्षी घरी बसली. चार महिन्यांनी मत्स्य संशोधन केंद्रात जागा निघाली. काम तेच, फक्त माणसांच्या जागी मासे.

तिची जाऊ म्हणाली, "इतकी वर्षं सगळ्यांना फुकट पाण्यात पाहत होतीस, आता पगार घेऊन पाहा."

दोघी पोट धरून हसल्या.

माशाला धरलं की तो घाबरतो, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. पण घाबरल्यावर शरीरात काय होतं, हे प्रत्येक जातीचं निराळं, आणि केंद्राचं सगळं काम त्यावरच चालायचं. थंड खोलीतला ट्राउट नुसत्या जाळ्याच्या चाहुलीने बिथरायचा. कॉर्टिसॉल, म्हणजे ताण आला की रक्तात उतरणारं संप्रेरक, त्याच्यात बघता बघता चढायचं. मागूर बाहेरून थंड गोळा, पण रक्तातली साखर वाढलेली. तिलापियांच्या टाकीत एक दांडगा राज्य करायचा, आणि त्याच्या धाकात कोपऱ्यात दबून राहिलेल्यांचं कॉर्टिसॉल कुणी हात न लावताही चढलेलं असायचं. सुईताई लवंगेच्या तेलाच्या पाण्यात माशाला गुंगी आणायची, शेपटीजवळ सुई घालायची आणि जाळं लागल्यापासून तीन मिनिटांच्या आत नळी भरायची. त्याहून उशीर झाला तर पकडल्याचाच ताण रक्तात उतरतो आणि मोजमाप फुकट जातं.

दुसऱ्या वर्षी कार्प माशांचा प्रयोग लागला. पहिल्या टाकीतल्या माशांना रोज सकाळी जाळ्यात दाटीवाटीने धरायचं, दुसऱ्या टाकीतल्यांना मुळीच त्रास द्यायचा नाही, आणि मग दोन्हींचं रक्त ताडून पाहायचं. पण आकडे आले ते भलतेच. ज्यांना कुणी बोटही लावलं नव्हतं, त्यांचंही कॉर्टिसॉल चढलेलं.

केंद्राचे मोठे सर सज्जन माणूस, पण आकड्यांच्या बाबतीत नाकावर माशी बसू देत नसत. त्यांनी सुईताईला खोलीत बोलावलं. "ताई, काही दिवस सुई दुसऱ्या कुणाकडे देऊन पाहू," एवढंच म्हणाले. सुईताई मान हलवून बाहेर आली. त्या दिवशी तिने भाजीत दोनदा मीठ घातलं. नवरा घड्याळं दुरुस्त करणारा, मुळात कमी बोलणारा. दोन घास खाऊन तो पाणी प्यायला आणि केंद्रात काही झालं का, असं त्याने विचारलं. तिने सांगितलं.

"तुझा हात चुकतोय असं तुला वाटतं?"

"नाही."

"मग तसं सांग त्यांना."

"सांगून काय होणार? दाखवावं लागेल."

सुई एका संशोधक मुलीकडे गेली. तिचेही आकडे चढेच आले, पण ती नवखी म्हणून सरांनी ते जमेस धरलेच नाहीत. सुईताईला आता टाक्या धुणं आणि खाणं टाकणं एवढंच उरलं होतं. मनातून ती खट्टू झाली होती, पण दुसऱ्या टाकीसमोर स्टूल टाकून ती रोज तासभर बसू लागली. पाचव्या दिवशी तिच्या लक्षात आलं. पहिल्या टाकीत जाळं पडलं की थोड्याच वेळात दुसरीतले कार्प खाणं सोडून तळाला एकमेकांना चिकटून बसत. मध्ये भिंत होती. इकडचं तिकडे दिसत नव्हतं. ती वाकून टाक्यांच्या मागे गेली. पहिल्या टाकीचं वाहतं पाणी नळीतून थेट दुसरीत पडत होतं.

ती सरांकडे गेली आणि एक सकाळ मागून घेतली. जाळं लावून झाल्यावर पहिल्या टाकीतलं तांब्याभर पाणी तिने लांबच्या, स्वतंत्र नळावरच्या कार्पांच्या टाकीत ओतलं, आणि दुसरा तांब्या तिलापियांच्या. कार्प दगड पडावेत तसे तळाला गेले. तिलापिया दाणे टिपत राहिले. मग दुसऱ्या एका कार्पांच्या टाकीत तिने नळाचं साधं पाणी ओतलं. तिथे काहीच हललं नाही.

सरांनी वाकून टाक्यांमागची नळी पाहिली. मग त्यांनीच सगळ्यांना समजावलं: जाळ्यात खवले खरचटले की कार्पच्या कातडीतून धोक्याचा इशारा पाण्यात उतरतो, आणि तो त्याच्या जातभाईंना कळतो. पुस्तकात सगळं होतं. नळीकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं.

"ताई, मी आधी तुमच्या हाताकडे बोट दाखवलं," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "चुकलं माझं."

नळ्या कधी बदलणार, एवढं सुईताईने विचारलं. तीन दिवसांत बदलल्या. पाच महिन्यांचे आकडे टाकून द्यावे लागले, प्रयोग पहिल्यापासून मांडला गेला आणि सुई तिच्याकडे परत आली. या खेपेला दुसऱ्या टाकीतल्या कार्पांचे आकडे खाली आले.

अहवालाच्या शेवटच्या पानावर तिचं नाव छापून आलं. नवऱ्याने ते पान दोनदा वाचलं आणि जावेला फोन लावून दिला. पुढच्या वर्षीपासून नव्या माणसांना शिकवायचं कामही तिच्याचकडे आलं. पहिला आठवडा ती कुणाच्या हाती सुई देत नाही. स्टूल देते, आणि कोणता मासा कधी खातो ते लिहून आणायला सांगते.