कादंबरीची समाप्ती

वर्ध्यात ते दुकान उघडलं तेव्हा लोक चपला बाहेर काढून आत जात. मोठमोठ्या शहरांत शाखा असलेल्या कंपनीचं दुकान. काचेचं दार, गुळगुळीत फरशी आणि भिंतभर पुस्तकं पाहून पाय आपोआप चपलेतून निघायचे. दारातला रखवालदार "घालूनच या, चालते" म्हणून थकला. शेवटी दुकानवाल्यांनीच बाहेर चपलांसाठी एक रॅक आणून ठेवला. कंपनीच्या दुसऱ्या कुठल्या शाखेत असा रॅक होता की नाही, मला ठाऊक नाही.

आम्ही दोघं तिथे जायला लागलो ते आमच्या कूलरमुळे. यजमानांची नजर काचबिंदूने गेली होती. बँकेतून निवृत्त झाल्यावर वाचायची म्हणून राखून ठेवलेली सगळी पुस्तकं आता मी वाचून दाखवायची असं ठरलं. मी जन्मभर शाळेत मराठी शिकवलेली, मला वाचायचा कंटाळा नव्हता. पण आमचा कूलर एवढा धडधडतो, की उन्हाळ्यात त्याच्यासमोर वाचायचं म्हणजे ओरडायचं. बोरगाव मेघेतल्या आमच्या गल्लीत दुपारी प्रेमप्रसंग ओरडून वाचण्याची माझी हिंमत नव्हती. दुकानात एसी होता, मागच्या बाजूला सोफा होता आणि बसलेल्याला कोणी उठवत नव्हतं. एक जाडजूड कादंबरी आम्ही पहिल्याच दिवशी विकत घेतली, म्हणजे फुकट वाचतो असं वाटायला नको. मग रोज तीच पिशवीत घालून न्यायची आणि सोफ्यावर बसून हळू आवाजात वाचायची.

कादंबरी नदीकाठच्या एका धर्मशाळेची होती. तिथल्या व्यवस्थापकाला तीन मुलगे. त्यांतला मधला बापाशी भांडून निघून जातो आणि उरलेलं सगळं घर त्याच्या वाटेकडे डोळे लावून म्हातारं होतं.

चार-सहा दिवसांत समोरच्या खुर्चीवर एक आजी येऊन बसल्या. मूळच्या अल्लीपूरच्या. गुडघ्यांच्या इलाजासाठी बोरगावात मुलीकडे राहत होत्या आणि नातवाचं दप्तर घ्यायला आल्या होत्या.

"काय वाचून राह्यली वं बाई?"

"कादंबरी आहे, आजी."

"वाच, वाच. मी आयकतो."

त्या दिवशीच्या प्रकरणात थोरला मुलगा दारू पिऊन नालीत पडला. प्रकरण संपल्यावर मी पुस्तक मिटलं, तर आजींनी डोळे मिटून हात जोडले. यजमानांना दिसत नसलं तरी बांगड्यांच्या आवाजावरून कळलं असावं.

"आजी, तो तर नालीत पडला आहे. नमस्कार कोणाले केला?" त्यांनी विचारलं.

"अध्याय संपला ना? मंग हात जोडा लागते."

तेव्हापासून आमच्या कादंबरीची पोथी झाली. आजी वेळेवर यायच्या. तहसील कचेरीतून निवृत्त झालेले एक बडे बाबूही दुकानात वर्तमानपत्र वाचायला येत. ते आमच्याकडे पाठ करून बसायचे आणि ऐकत नसल्याचं दाखवायचे. पण एकदा मी अर्धं पान गाळून पुढे गेले, तर पाठमोरेच म्हणाले, "मॅडम, तो घाटावरून वर कधी आला?" दुकानाची मॅनेजर नाशिककडची तरुण मुलगी होती. आमची वेळ झाली की ती छतातलं संगीत बंद करायची. काही गिऱ्हाइकांना हा दुकानाचाच कार्यक्रम वाटायचा आणि असे लोक काउंटरवर वेळापत्रक मागायचे.

दुकान मात्र आमच्या डोळ्यांसमोर आटत होतं. आधी इंग्रजी कादंबऱ्या पातळ झाल्या, त्यांच्या जागी स्पर्धा परीक्षांचे गाईड आले. मग गाईडही भिंतीकडे सरकले आणि मधोमध पाण्याच्या बाटल्या, खेळणी, टिफिन मांडले गेले. अर्धा मजला मोबाइलच्या कव्हरवाल्याला दिला. कॉफीचं यंत्र बिघडलं ते दुरुस्त झालंच नाही. मॅनेजर म्हणायची, लोक येतात, पुस्तक हातात घेतात, मागची किंमत बघून मोबाइलवर शोधतात आणि आमच्यासमोरच घरपोच मागवतात. बडे बाबू म्हणाले, "आणि आमच्यासारखे तेवढंही करत नाहीत." ती हसली. खोटं काही नव्हतंच त्यात.

गणपतीच्या थोडं आधी यजमान गेले. झोपेतच गेले, त्रास झाला नाही. कादंबरीचं शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं होतं. मी पुस्तक कपाटात ठेवलं ते ठेवलंच. एरवी मला अर्धवट पुस्तक घरात दिसलेलं चालत नाही. पण हे पूर्ण केलं, की आमचं दोघांचं वाचन संपणार होतं. मला ते संपवायचं नव्हतं. दुकानाकडेही मी फिरकले नाही.

माघात मॅनेजरचा फोन आला. महिनाअखेर शाखा बंद होत होती, कंपनी सगळीकडचीच दुकानं गुंडाळत होती.

"मॅडम, मी तुम्हाला आग्रह करणार नाही. पण तुमची मंडळी रोज येऊन मला विचारतात."

तिच्याकडून पुढचा प्रकारही कळला. दुकानात त्या कादंबरीची एक प्रत उरली होती. मी येत नाही म्हटल्यावर बडे बाबूंनी ती उचलली आणि राहिलेलं प्रकरण आपण वाचतो म्हणाले. पण चाळीस वर्षं कचेरीत टिपण्या लिहिलेला माणूस. नदीला पूर आला आहे, रात्रभर घरातलं कोणी झोपलेलं नाही, अशी चार पानं त्यांनी नजरेखालून घातली आणि वाचून दाखवलं, "पुरामुळे परिस्थिती गंभीर. सबब कुटुंब जागे."

आजी म्हणाल्या, "बाबू, तुमी पोथी वाचून राह्यले का नोटीस देऊन राह्यले?"

बाबू रागावून उठले. दुसऱ्या दिवशी राग गेला, तोवर ती प्रत सेलमध्ये रोहणा गावच्या एका मास्तरांनी नेली होती. आता शेवट फक्त माझ्या कपाटात होता.

फोनच्या दुसऱ्या दिवशी आजी काठी टेकत माझ्या दारात. पाणी प्यायल्या आणि सरळ विषयावर आल्या.

"पोथी अर्धी ठेवली तुनं."

"आजी, ती पोथी नाही हो."

"नसन. आयकणारे बसले होते ना? मंग समाप्ती करा लागते."

"ऐकणारे गेले माझे."

"मले माहीत नाई का? मी आलती ना मयतीले." मग म्हणाल्या, "त्यानं एवढं मन लावून आयकलं. त्याच्या नावानं तं शेवट कर. आन् खरं सांगू? तो मधला पोरगा घरी येते का नाई, हे समजल्याशिवाय मले झोप नाई. माह्यी पोरगी वैतागली. म्हणते, आई, सपनात काऊन वरडते?"

मला हसू आलं. यजमान गेल्यानंतर मोठ्याने हसले ते तेव्हाच. म्हटलं, रविवारी या.

रविवारी दुकान ओळखू येत नव्हतं. कपाटं रिकामी, काहींवर विकल्याच्या चिठ्ठ्या, एका कोपऱ्यात न खपलेल्या पुस्तकांचा ढीग. आमचा सोफाही विकला गेला होता. तो एका केशकर्तनालयवाल्याने घेतला होता, आणि मी पुस्तक उघडते न उघडते तोच तो दोन हमाल घेऊन हजर.

"मावशी, उठा लागते. बाहेर टेम्पो उभा आहे."

आजींनी काठी आडवी धरली. "सोफा मंग नेजो. अध्याय सुरू आहे. बस तिथं."

तो बसला. हमालही खाली फरशीवर बसले.

पहिलं पान मी घाईघाईने वाचलं. शेजारची जागा मोकळी होती आणि सवयीने मी तिकडे वळून वाचत होते. दुसऱ्या पानावर पूर आला. बडे बाबू आज पहिल्यांदाच आमच्याकडे तोंड करून बसले होते. त्यांनी हलकेच म्हटलं, "सावकाश, मॅडम. काही गाळू नका." मग मी वाचत गेले.

शेवट असा आहे. पूर ओसरल्यावर, बाप गेल्यानंतर, पांढऱ्या केसांचा एक प्रवासी धर्मशाळेत येऊन रात्रीपुरती खोली मागतो. धाकटा भाऊ त्याला नाव विचारत नाही. नदीकडची खोली उघडून देतो आणि स्वतः पाण्याची घागर भरून आणतो. एवढंच. पुस्तक संपतं.

आजींनी हात जोडलेच नाहीत. "म्हंजे? ओळखलं नाई? सख्खा भाऊ अन् ओळखलं नाई?"

"ओळखलं, म्हणून तर नाव विचारलं नाही," बाबू म्हणाले. "नाहीतर रजिस्टरातली नोंद कोण सोडतं?"

"नाई ओळखलं. ओळखलं असतं तं गळ्यात पडला असता."

केशकर्तनालयवाला म्हणाला, "पण मधला भाऊ गेला काऊन होता पहिले?" त्याला मागची सगळी कथा सांगण्यात मॅनेजरही सामील झाली. यजमान असते तर दोघांनाही चूक ठरवून तिसरंच काही म्हणाले असते. काय म्हणाले असते याचा मी विचार करत बसले. बराच वेळ करत बसले, आणि मला वाईट वाटत नव्हतं.

समाप्ती म्हटल्यावर प्रसाद आलाच. आजींनी डब्यातून शिरा आणला होता, बाबूंनी गोरसपाकाची बिस्किटं. बिलाच्या काउंटरवर कागदाच्या तुकड्यांवर वाढप झालं. रखवालदाराला, हमालांना, मोबाइल कव्हरवाल्यालाही मिळालं. सोफा उचलायची वेळ झाली तेव्हा आजी पुन्हा आडव्या आल्या.

"थांबा. समाप्तीच्या दिवशी दुसऱ्या पोथीचं पयलं पान वाचा लागते. वाचन मोकळं ठेवत नाई आमच्यात."

मॅनेजरने ढिगात शोधलं. प्राप्तिकराचं मार्गदर्शक होतं, ॲक्वेरियमची निगा होती, आणि घरच्या घरी अळिंबी म्हणजे मशरूम कशी पिकवावी यावर एक लहानसं पुस्तक होतं. ते तिने मला तसंच देऊन टाकलं, पैसे घेतले नाहीत. मी उभ्यानेच पहिलं पान वाचलं. खोली अंधारी, दमट आणि स्वच्छ असावी.

"टेकोडे?" आजी म्हणाल्या. "ते तं वावरात आपोआप येते." पण हात मात्र जोडले. बाबूंनी विचारलं, "पुढचं वाचन कुठे?" मी काही ठरवायच्या आधीच माझ्या तोंडून निघून गेलं, "माझ्याकडे."

सध्या माझ्या ओसरीवर अळिंबीचं तिसरं प्रकरण चालू आहे. लेखक एकच गोष्ट दोनदा सांगतो अशी बाबूंची तक्रार आहे, तरी पुस्तकाबरहुकूम भुसा उकळून त्यांनी आपल्या न्हाणीघरात दोन पिशव्या टांगल्या. अजून त्यांत काही दिसत नाही. रोज येऊन ते हिरमुसल्या चेहऱ्याने सांगतात, आणि आजी त्यांना गप्प बसवतात.

"पोथी पुरी झाली नाई अजून, बाबू. कसं उगवन?"