ज्याची पोस्ट नाही, त्याचा शेरा

तपासणी येणार म्हटलं की आमच्या शाळेतल्या निम्म्या मास्तरांचं पोट बिघडायचं. चेष्टा नाही. मी तिथं क्लार्क होते, रजेचे अर्ज माझ्याच टेबलावरून जायचे. कुणी वर्षभराची टाचणं दोन दिवसांत लिहून काढायचं, कुणी प्रयोगशाळेतल्या बाटल्या पुसायचं, आणि त्रिंबक सर, म्हणजे आमचे मुख्याध्यापक, साहेबांना जेवणात बासुंदी करावी की श्रीखंड, याच घोरात असायचे. साऱ्या शाळेत तपासणीची आवडीनं वाट बघणारा एकच माणूस होता, आमचा कॉम्प्युटरवाला सिद्धाराम. मी त्याला म्हणायचे, बाबा, तुझ्या डोक्याचा एखादा स्क्रू ढिला आहे का बघ.

सिद्धाराम आमच्या कडा गावचाच. बाजारपेठेत त्याच्या वडिलांचं, वैजिनाथअप्पांचं, किराणा दुकान होतं. लिंगायताचं घर, अप्पांच्या कपाळाला भस्म आणि जिभेवर हिशोबी पण गोड बोलणं. एकुलता एक पोरगा नगरला कॉम्प्युटर शिकला, ते अप्पांनी हौस म्हणून चालवून घेतलं. शिकून आला की गल्ल्यावर बसेल, असा त्यांचा होरा. पण दोन हजार सालाच्या पुढंमागं एका कंपनीनं करारावर आमच्या शाळेत कॉम्प्युटर बसवले, आणि यंत्रांबरोबर शिकवायला माणूस हवा म्हणून याला नेमलं. करार तीन वर्षांचा.

झालं, पोराची गत ना घरचा ना घाटचा. शाळा म्हणायची, तो कंपनीचा. कंपनीचा माणूस यायचा तो यंत्रं जागेवर आहेत का तेवढं बघून जायचा, आणि म्हणायचा, शिकवण्याचं शाळेला विचारा. मस्टरवर त्याचं नाव नव्हतं, स्टाफरूममध्ये खुर्ची नव्हती. चहाला तो माझ्या ऑफिसात येऊन बसायचा आणि मला अक्का म्हणायचा. माझा नवरा गेला, त्याच्या जागी मला ही नोकरी लागली, तेव्हापासून शाळेत मला वनमालाबाई याच्यापलीकडं कुणी काही म्हटलं नव्हतं. त्याच्या त्या अक्का म्हणण्यानं मला बरं वाटायचं, हे त्याला कधी सांगितलं नाही. तोंडावर मी त्याला शिव्याच घालायचे.

ऑफिसच्या खिडकीतून मला कॉम्प्युटरच्या खोलीचं दार दिसायचं. दाराबाहेर पोरांच्या चपला. तासाला इतर वर्गांतून दंगा ऐकू यायचा, तिथून नुसता बटणांचा टकटकाट. लाइटीचा काही नेम नसायचा, सकाळी आली तर हा सकाळी खोली उघडायचा, पोरं आंघोळी न करता पळत यायची. आमच्या भागातली कितीतरी पोरं दिवाळी झाली की आईबापाबरोबर ऊसतोडीला जातात आणि कारखान्यांचे पट्टे पडले, म्हणजे गाळप संपलं, की उन्हाळ्यात परत येतात. तोवर शाळा सुटलेली. मग त्यांनी कॉम्प्युटरला हात लावायचा कधी? म्हणून सिद्धाराम भर सुट्टीत, मे महिन्याच्या उन्हात, त्यांच्यासाठी खोली उघडून बसायचा. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पगार वाढणार नव्हता. पंखासुद्धा धड फिरत नव्हता.

आणि हे कुणी बघतही नव्हतं, तेच त्याला खायचं. पहिल्या तपासणीला त्यानं खोली धुतली, पोरं बसवली, स्वतः इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभा राहिला. साहेब व्हरांड्यातून आले, आत नजर टाकली, "छान, छान" म्हणाले आणि विज्ञानाच्या वर्गात गेले. दुसऱ्या वर्षी तर बाहेरूनच पुढं गेले. कॉम्प्युटर त्यांच्या तपासणीच्या तक्त्यातच नव्हता. बाकीचे मास्तर सुटलो म्हणून हसले असते. हा माझ्यासमोर येऊन बसला, चहाचा कप बाजूला सारला. मग म्हणाला, "अक्का, कुणीतरी आत येऊन बघावं हो. वाईट म्हटलं तरी चालंल. पण बघावं."

मी म्हटलं, बघून तुला काय सोन्याचं कडं घालणार आहेत का? पण मला कळत होतं. माणसाला आपलं काम कसं आहे ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकावंसं वाटतं. स्वयंपाक केला तरी आपण विचारतोच, मीठ बरोबर आहे का म्हणून.

घरी अप्पांचा धोशा चालूच होता. त्यांचं म्हणणं साधं होतं. दुकानात गिऱ्हाईक परत आलं की कळतं, आपण नीट वागलो. तुझ्या शाळेत तुला कोण सांगतं, तू नीट वागलास म्हणून? तिसऱ्या वर्षी, करार संपायला आला तेव्हा, बापलेकांचं चांगलंच वाजलं. शेवटी अप्पांनी शब्द दिला. या तपासणीत साहेबांनी तुझं काम चांगलं म्हटलं, तर मी जन्मात दुकानाचं नाव काढणार नाही, तू तुझ्या विद्येनं पोट भर. आणि नाही म्हटलं, तर गुमान गल्ल्यावर येऊन बस. इकडं त्रिंबक सरांनीही त्याला सांगून ठेवलं होतं, साहेबांच्या अहवालात तुझ्याबद्दल दोन ओळी आल्या तर करार संपल्यावर तुला ठेवून घ्यायला मी संस्थेकडं बोलीन. म्हणजे पोराचं सगळं त्या दोन ओळींवर येऊन अडकलं.

त्या वर्षीचे साहेब कडक होते. दिवसभर वर्ग तपासले, वह्या तपासल्या, संडासही बघितले. सिद्धारामच्या दारावरून दोनदा गेले. मी मनात म्हणत होते, अरे वळ ना बाबा, तुझं काय जातंय. नाही वळले. चार वाजता ऑफिसात येऊन बसले, अहवाल आत्ताच टाइप करून पाहिजे म्हणाले. माझा टाइपरायटर म्हणजे शाळेच्या स्थापनेपासूनचा, त्याच्या वेलांट्या उडायच्या. साहेबांनी पहिलंच पान बघून तोंड वाकडं केलं. तेव्हा सरांना आठवण झाली की शाळेत कॉम्प्युटर आहे. कामापुरता मामा!

अशी साहेबांची पायधूळ त्या खोलीत झडली. सिद्धारामनं पुढ्यात खुर्ची ठेवली, पुसली. साहेब सांगत गेले, हा टाइप करत गेला, मी आणि सर शेजारी उभे. गणिताचे सर समाधानकारक. इंग्रजीच्या बाई चांगल्या. पी.टी.चे सर, सुधारणा आवश्यक. एकेकाच्या वर्षाचा निकाल त्याच्या बोटांखालून जात होता, आणि दर ओळीला मला वाटायचं, आता याचं येईल. प्रिंटरमधून पान निघालं, तसे साहेब खूश झाले. खाडाखोड नाही, समास सरळ. असं काम जिल्ह्यात कुठं बघितलं नाही म्हणाले. मग खुर्चीत नीट बसून शेवटची ओळ सांगितली. कार्यालयीन टंकलेखन उत्कृष्ट, लिपिक श्रीमती वनमाला यांचे काम वाखाणण्याजोगे.

मी म्हटलं, "साहेब, हे मी कुठं केलंय? तुमच्या डोळ्यांदेखत यानं केलंय. आणि वर्षभर पोरांना शिकवतोय तोही हाच."

साहेब चिडले नाहीत. समजावून सांगितल्यासारखं म्हणाले, "बाई, तो आपल्या आस्थापनेवर नाही. ज्याची पोस्टच नाही, त्याला शेरा कुठं मारू? टंकलेखन लिपिकाच्या पोस्टवर येतं. तुमचं नाव घालावंच लागंल."

आयत्या बिळावर नागोबा व्हायची पाळी माझ्यावर आली. मी सरांकडं बघितलं, सरांनी खिडकीकडं. सिद्धारामचे हात बटणांवर थांबले होते. मला वाटलं उठेल, काहीतरी बोलेल. त्यानं ती ओळ टाइप केली. उत्कृष्ट हा शब्द पडद्यावर उमटला तेव्हा क्षणभर बघत राहिला, मग माझं नाव घातलं. माझा जीव तुटला. साहेबांनी सही केली आणि जीप गेली.

दुसऱ्या दिवशी बाजारात गेले, तर वैजिनाथअप्पा दुकानात येईल त्याच्या हातावर पेढा ठेवत होते. पोरगा घरी जाऊन म्हणाला होता, साहेबांनी माझ्या कामाला उत्कृष्ट म्हटलं. खोटं कसं म्हणू? कामाला म्हटलंच होतं की. अप्पा मला म्हणाले, मॅडम, आपण हारलो, पण लई चांगलं हारलो. मी पेढा घेतला. तो तसाच पिशवीत टाकून घरी आणला.

करार संपला. यंत्रं शाळेच्या नावावर झाली, माणूस कुणाच्याच नावावर झाला नाही. संस्थेच्या बैठकीत अहवाल वाचला गेला, त्यात त्याचं नाव नव्हतं म्हणून विषयच निघाला नाही. माझं मात्र नाव होतं. मला वरिष्ठ लिपिक केलं. मी सरांशी भांडले, संस्थेच्या लोकांशी भांडले, सगळे हो हो म्हणाले. सिद्धाराम चिंचवडला गेला, कुठल्याशा कंपनीत दिवसभर आकडे भरतो म्हणे. जाताना पाया पडायला आला, तर मी एवढंच म्हटलं, डबा नीट खात जा. आता चहा आला की माझी नजर समोरच्या खुर्चीकडं जाते. त्याची लई आठवण येते, आणि हे बोलायला शाळेत कुणी नाही.

अप्पा आता थकलेत. परवा साखर आणायला गेले, तर स्वतःच मापत होते, निम्मी साखर तागडीबाहेर सांडत होती. मी म्हटलं, अप्पा, पोराला बोलावून घ्या की. ते म्हणाले, कसं बोलवू, शब्द दिलता न मी. मग साखरेची पिशवी हातात तशीच धरून त्यांनी मला विचारलं.

"मॅडम, खरं सांगा. आमच्या सिद्धूला उत्कृष्ट म्हणले होते न साहेब?"

"हो अप्पा," मी म्हटलं. "मी तिथंच उभी होते. उत्कृष्टच म्हणाले."

अप्पांनी मान हलवली. पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "मंग शाळेनं ठिवून कावून न्हाई घेतला? मी तर घेतला असता."