बपेऱ्याचं स्वागत

आंधळगावच्या तृप्तीला भंडाऱ्याच्या कार्यालयात नोकरी लागली ती २०१२ साली. आई बायजाबाई दुसऱ्यांच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, धानाचा रोवणा करायची, आणि घरात कॉम्प्युटर शिकलेली तृप्ती पहिलीच. काम सोपं पण कंटाळवाणं. बत्तीस गावांतल्या संगणक केंद्रांच्या मशीनमध्ये रोज इथूनच लॉगिन करायचं, डिस्कवर किती जागा उरली ते पाहायचं, तक्त्यात भरायचं. नाव टाका, पासवर्ड टाका, डॉलरचं चिन्ह उमटलं की मशीन हुकूम ऐकायला तयार. यातच दुपार व्हायची.

तृप्तीने महिनाभर खपून हे सगळं आपोआप करणारी स्क्रिप्ट लिहिली. डॉलर दिसला की जागा विचारायची, पुढचा डॉलर येईपर्यंत जे येईल ते उत्तर समजायचं. पहिल्याच सकाळी चहा संपायच्या आत तक्ता तयार झाला. साहेब श्यामराव चष्मा सावरत वाचू लागले आणि एका ओळीवर थांबले. बपेऱ्यापुढे जागेच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘वेलकम टू बपेरा’.

तिने बपेऱ्याचं केंद्र सांभाळणाऱ्या भूपेंद्रला फोन लावला. त्याने लॉगिन करणाऱ्यासाठी स्वागताची पाटी टाकली होती; शोभेला दोन्ही टोकांना एकेक डॉलर. स्क्रिप्टने त्या दोन डॉलरांमधला मजकूरच उत्तर धरला होता.

“येनाऱ्याले बरं वाटते म्हणून टाकली जी. काढून टाकू काय?”

“नोका काढू, भाऊ. चूक माह्या स्क्रिप्टची आहे. उद्या दुसरा कोनी काही टाकन. कोनाकोनाले मना करत बसू?”

आता नुसता डॉलर चालणार नव्हता. आधी मशीनचं नाव, त्याला चिकटून डॉलर, मग एक मोकळी जागा आणि पुढे काहीच नाही, असा साचा तिने रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये, म्हणजे मजकुरातला नमुना ओळखायच्या चिन्हांच्या भाषेत, बांधला. चालवला, तर स्क्रिप्ट बत्तीसच्या बत्तीस मशीनपाशी अडली. तृप्तीचा चेहरा उतरला. जेवण तसंच ठेवून ती त्याचं पुस्तक चाळत बसली, तेव्हा उलगडा झाला: या भाषेत डॉलर म्हणजे ओळीचा शेवट, खरा डॉलर हवा तर त्याच्याआधी उलटी तिरपी रेघ द्यावी लागते. तिने एक रेघ दिली. बत्तीस केंद्रं धडाधड बोलली, बपेऱ्यानेही मुकाट्याने जागा सांगितली.

श्यामरावांनी दुसऱ्याच दिवशी शेजारच्या टेबलावरच्या सरिताला तिच्याकडे शिकायला बसवलं. तृप्तीने सरिताच्या वहीच्या पहिल्या पानावर मोठ्ठा डॉलर काढला आणि म्हणाली, “याच्यावर एकदम भरोसा ठेवू नोको.”