सहावं चित्र साकीनाक्याला

सहापैकी पाच चित्रं माझ्याकडे होती. संस्थानिकांचे दागिने, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेले आणि मग हाताने रंगवलेले. सगळी एकाच जुन्या पुस्तकातली. अशी पुस्तकं अखंड मिळत नाहीत. पानं सुटी केली की लवकर खपतात. सहावं पान, मोत्यांचा कंठा, मी नऊ वर्षं शोधत होतो. मंगळवारी सकाळी घाटकोपरच्या जयंतीभाईंचा फोन आला: मिळालंय. बुधवारी निघालो.

बोरिवलीहून मेट्रोने गुंदवली, तिथून पुलावरून चालत दुसऱ्या मेट्रोत. शेवटचं स्टेशन घाटकोपर. जुने कागद बघायला जाणाऱ्यांनी अकराच्या आधी जाऊ नये, दुकानं उघडत नाहीत. स्टेशनबाहेर इडली खाल्ली, चाळीस रुपये. चटणी बरी होती.

जयंतीभाईंनी मला पाहून चष्मा काढला.

"गेलं ते. काल दुपारी बायको दुकानात होती, तिने देऊन टाकलं."

"कोणाला?"

"साकीनाक्याच्या सुनंदाताईंना. लग्नाच्या ब्लाउजवर भरतकाम करतात. डिझाइन पाहिजे होतं."

"मला फोन केलात ना तुम्ही?"

"तुम्हाला केला. बायकोला सांगायचं राहिलं."

पत्ता घेऊन मेट्रोने तीन स्टेशनं मागे आलो. साकीनाक्याला उतरून रिक्षा करू नका, चालत लवकर पोचाल. खाली लेथ मशीनचा गाळा, वर लोखंडी जिन्याने सुनंदाताईंची खोली. त्या खाका टोचत होत्या. बटर पेपरवर नक्षीची भोकं पाडायची, कागद कापडावर ठेवून वरून पांढऱ्या रंगाचा बोळा फिरवायचा. भोकांतून ठिपके उतरतात, त्यांवर टाके पडतात. बटर पेपरच्या खाली माझा कंठा होता. सुई दोन्हींतून जात होती.

"थांबा!"

"काय झालं दादा?"

"नऊ वर्षं शोधतोय हे चित्र, बाकीची पाच आहेत माझ्याकडे. आधी पेन्सिलने उतरवून घ्या ना."

"पेन्सिल सरकते. मोती वाकडा गेला तर मुलुंडच्या नवरीची आई सोडेल का मला?"

समोर टाके घालणारी रेश्मा हसली. "ताई, यांचं तोंड बघ. जशी यांनाच सुई टोचली!"

"झालंच माझं," ताई म्हणाल्या. "अर्धाच लागतो. दुमडला की दुसरी बाजू मिळते." त्यांनी चित्र काढून माझ्या हातात दिलं. "घेऊन जा. मी जेवढ्याला आणलं तेवढेच द्या."

फाटका कोपरा संग्रहात एक वेळ चालतो. भोकं चालत नाहीत. मी चित्र ट्यूबलाइटसमोर धरलं. उजवी बाजू शाबूत होती. डाव्या बाजूला प्रत्येक मोत्याभोवती उजेडाचं कडं होतं, आणि एकही भोक कोरलेल्या रेघेबाहेर नव्हतं. नऊ वर्षांत या रेघा इतक्या जवळून मीही पाहिल्या नव्हत्या.

पैसे दिले. जिन्यापर्यंत आल्यावर ताईंनी विचारलं, "बाकीची पाच आहेत ना तुमच्याकडे? आणा की कधी."

"बघू," मी म्हणालो.

घरी सहाही ओळीने मांडली. पाच निर्दोष आहेत. सहाव्याची नक्षी येत्या महिन्यात मुलुंडच्या त्या नवरीच्या पाठीवर असेल.

शनिवारी पाचही घेऊन साकीनाक्याला जातो आहे. सोबत जाड पारदर्शक प्लास्टिक घेतलं आहे, चित्र आणि बटर पेपर यांच्यामध्ये ठेवायला. सुई त्यातून जात नाही. रद्दीवर चार वेळा टोचून पाहिलं.