खिडकीतून टाकलेला रुमाल

एसटी फलाटाला लागता लागताच मी खिडकीतून दोघांच्या सीटवर रुमाल टाकला. बायकोच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. उभ्याने घाट तिला झेपला नसता. पण तिचा हात धरून दारापर्यंत येईतो गाडी खचाखच भरली.

"गेली जागा," मी म्हणालो. माणूस आधी आपला फायदा बघतो, हे कॉलेजात अर्थशास्त्र शिकवताना मी जन्मभर फळ्यावर लिहीत आलो. एका फडक्याला कोण जुमानणार?

आत शिरलो, तर सीट रिकामी. रुमाल जिथल्या तिथे. शेजारी एक बाई दांडा धरून उभ्या, पायाशी जड पिशवी.

"बसा ताई, रुमाल होता म्हणून कुणी बसलं नाही," त्या म्हणाल्या.

माझा जीव भांड्यात पडला.

अनोळखी माणसं एकमेकांना का सांभाळून घेतात, यावर हल्ली आमच्या विषयात मोठं संशोधन चालतं. लोकांना खोलीत बसवून एकमेकांत पैसे वाटायचे खेळ खेळायला लावतात म्हणे. एकदा या स्टँडवर यावं त्यांनी. इथे पंच नाही, दंड नाही. उद्या आपलाही रुमाल असाच कुठेतरी पडलेला असेल, एवढी जाण असावी. किंवा नुसती सवय. असेना!

बायको रुमाल माझ्या हातात देऊन खिडकीकडे सरकली आणि त्या बाईंना म्हणाली, "या, बसा. यांना उभं राहायची सवय आहे, जन्मभर फळ्यासमोर उभेच होते."

घाटभर मी मजेत उभा राहिलो. घाम पुसायला रुमाल काढला आणि घाम न पुसताच, नीट घडी करून, परत खिशात ठेवला.